चिनी दरबारी काच जमवायला सुरुवात करताना: पहिल्या खरेदीआधी माहीत असावे असे काही

माझी पहिली खरेदी सध्या माझ्या टेबलावर पेने ठेवण्याच्या कामी येते. इंग्लंडमध्ये नोकरीला असताना एका लहान गावातल्या लिलावात घेतलेली ती वीतभर उंचीची, गर्द पिवळ्या अपारदर्शक काचेची फुलदाणी आहे. तिच्या तळावर चौकटीत चार चिनी अक्षरे कोरलेली असून त्यांचा अर्थ ‘छियेनलोंगच्या काळात बनवलेली’ असा होतो. अक्षरे अचूक होती; फुलदाणी मात्र फार तर चाळीस वर्षांपूर्वीची निघाली. ती खोटी आहे हे कळायला मला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत जे शिकलो ते खरेदीआधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून हा लेख लिहीत आहे. पुण्यात परतल्यावर भारतीय कायद्याच्या बाजूने जी नवी कोडी समोर आली, तीही शेवटाकडे मांडली आहेत.

१. ‘दरबारी’ हा शब्द कशाला लावायचा ते आधी ठरवा

बाजारात ‘पेकिंग ग्लास’ या नावाखाली जे विकले जाते, त्यातले बहुतेक राजवाड्याशी संबंध नसलेले असते. काटेकोर अर्थाने दरबारी काच म्हणजे बीजिंगमधल्या राजवाड्याच्या कारखान्यात तयार झालेली काच. हा कारखाना छिंग घराण्याच्या कांगशी सम्राटाने 1696 साली सुरू करवला आणि त्याची उभारणी किलियन श्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या देखरेखीखाली झाली. पुढे योंगचेंग (1723 ते 1735) आणि छियेनलोंग (1736 ते 1795) या दोन सम्राटांच्या काळात तिथल्या कामाने कळस गाठला. 1740 मध्ये द ब्रोसार आणि द’आंकारव्हिल हे दोन फ्रेंच जेझुइट काचेचे जाणकार म्हणून दरबारी रुजू झाले. दोघेही 1750 च्या दशकात वारले आणि त्यानंतर कारखान्याची चमक हळूहळू ओसरली, तरी छिंग सत्ता 1911-12 मध्ये संपेपर्यंत राजमोहोर (म्हणजे तळावर कोरलेले राजवटीचे नाव) असलेली काच बनत राहिली.

नवख्या माणसाचा घोळ इथे होतो, कारण राजवाड्याचा कारखाना स्वयंपूर्ण नव्हता. शांदोंग प्रांतातले बोशान हे काचेचे जुने केंद्र बीजिंगला कारागीरही पुरवत असे आणि कच्ची काचही. त्यामुळे ‘बोशानची’ आणि ‘राजवाड्याची’ अशी रेघ ओढणे तज्ज्ञांनाही अनेकदा जमत नाही. राजवाड्यातल्या बऱ्याचशा वस्तूंवर मोहोरच नसते, ही आणखी एक अडचण. म्हणून लिलावाच्या सूचीत ‘राजवाड्याच्या कारखान्यातील असावी’ अशा अर्थाचे शब्द दिसले, तर तो सूचीकाराचा अंदाज आहे हे ओळखावे. अंदाज प्रामाणिक असू शकतो. त्याची किंमत मात्र खात्रीच्या भावाने मोजू नये.

२. काचेकडे दगड म्हणून पाहायला शिका

युरोपात काचेचे सौंदर्य तिच्या पारदर्शकतेत शोधले गेले. चीनमध्ये मानाचा पदार्थ होता जेड हा दगड, आणि काचेला मान मिळाला तो दगडाचे सोंग हुबेहूब वठवणारी वस्तू म्हणून. पांढरी काच जेडसारखी, निळी काच लाजवर्दासारखी, लाल-नारिंगी नक्षीची काच मनशिळेसारखी बनवली जाई. मनशीळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग; ती उजेडात पिवळी पडून भुगा होते आणि विषारीही असते, तेव्हा तिची काचेतली नक्कल हीच टिकाऊ ठरली. पिवळा रंग सम्राटाचा म्हणून पिवळ्या काचेला वेगळे महत्त्व होते. माणकासारखी लाल काच सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी रंगवलेली असे.

घडणही दगडाचीच. वस्तू फुंकून किंवा साच्यात घडवून झाली की ती जेडच्या कारागिरांच्या पद्धतीने फिरत्या चाकावर, ओल्या अपघर्षक भुकटीने घासली जाई. दोन रंगांच्या काचेत, म्हणजे पांढऱ्या अंगावर लाल किंवा निळा थर चढवलेल्या वस्तूंत, वरचा थर नको तिथे पूर्ण खरवडून फुले, ड्रॅगन किंवा मासे उठावात मागे ठेवले जात. ही पद्धत डोक्यात पक्की बसली की अस्सल-नक्कल ओळखण्याचे अर्धे काम झाले, कारण चाकावर महिनोन्महिने केलेल्या कामाच्या खुणा आम्लाने किंवा साच्याने झटपट केलेल्या कामात उमटत नाहीत.

३. खरेदीआधी सहा महिने फक्त पाहा

बीजिंग आणि तैपेई इथल्या राजवाडा-संग्रहालयांत मुख्य ठेवा आहे. पाश्चात्त्य देशांत राहणाऱ्यांनी लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, ब्रिस्टलचे शहर संग्रहालय आणि न्यूयॉर्क राज्यातले कॉर्निंग काचसंग्रहालय जरूर पाहावे. ब्रिस्टलचा चिनी काचेचा संग्रह तर त्या शहरात कोणी अपेक्षाही करणार नाही इतका समृद्ध आहे. मुंबईकरांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या अतिपूर्वेच्या वस्तू पाहता येतात. तिथल्या जेडच्या वस्तूंसमोर घालवलेला तासही वाया जात नाही, कारण काच ज्याची नक्कल करते ते मूळ डोळ्यांत साठवावेच लागते.

संग्रहालयात मात्र वस्तू काचेआड असते. हातात घेऊन पाहायची असेल तर मोठ्या लिलावगृहांच्या विक्रीपूर्व प्रदर्शनांना जा. तिथे प्रवेश विनामूल्य असतो, बोली लावण्याची सक्ती नसते आणि विनंती केल्यास कपाट उघडून वस्तू हातात दिली जाते. अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि वस्तू टेबलाच्या मऊ कापडावरून फार उंच उचलू नका. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते. तिथल्या कर्मचाऱ्यांना याची सवय असते.

४. कोणत्या वस्तूपासून सुरुवात करावी

मोठ्या फुलदाण्या आणि वाडगे यांच्या नादी सुरुवातीला लागू नका. नकला सर्वांत जास्त त्यांच्याच होतात. मीनाकाम केलेल्या दरबारी काचेचे तर नावच काढू नये. काचेवर मीना चढवताना रंग ज्या उष्णतेला वितळतो तिच्या आसपास खालची काचही मऊ पडू लागते, म्हणून अशा वस्तू मुळातच थोड्या बनल्या आणि त्यांतल्या फार थोड्या उरल्या. छियेनलोंगच्या मोहोरेची, कापडी थैलीच्या आकाराची अशी एक लहान फुलदाणी 2019 साली हाँगकाँगच्या लिलावात 20 कोटी 70 लाख हाँगकाँग डॉलरना गेली. तेव्हा कोणी तुम्हाला मीनाकामाची दरबारी कुपी मोटारसायकलच्या किमतीत देऊ करत असेल, तर उत्तर सोपे आहे.

माझा सल्ला तपकीरकुपीचा आहे. आपल्याकडे तपकीर डबीत ठेवत. चीनमध्ये ती घट्ट बुचाच्या छोट्या कुपीत ठेवत आणि बुचाला आतून जोडलेल्या इवल्याशा चमच्याने काढत. मुठीत मावणाऱ्या या कुपीत काचेचे सारे रंग आणि सारी तंत्रे भेटतात. शिवाय तिच्याबद्दल लिखाण भरपूर आहे. बाल्टिमोरमधली चिनी तपकीरकुपींची आंतरराष्ट्रीय संस्था 1968 पासून काम करते, आणि मेरी व जॉर्ज ब्लॉक दांपत्याचा प्रचंड संग्रह 2010 पासून हाँगकाँगमध्ये टप्प्याटप्प्याने विकला गेला, त्याच्या सूची म्हणजे नवशिक्यासाठी पाठ्यपुस्तकेच आहेत. मोहोर नसलेली, 18व्या-19व्या शतकातली साधी एकरंगी कुपी अजूनही मध्यमवर्गीय खिशाला झेपू शकते.

त्याहून स्वस्त वाट हवी असेल तर छिंग अधिकाऱ्यांच्या टोपीवरचे मणी पाहा. दर्जाप्रमाणे माणिक, प्रवाळ, नीलम वगैरे मणी ठरलेले असत आणि 18व्या शतकात त्यांच्या जागी त्या त्या रंगाची काच चालू लागली. दरबारी गळ्यात घालत त्या 108 मण्यांच्या माळेतही काचेचे मणी असत. ती माळ बौद्ध जपमाळेवरून आली, त्यामुळे संख्या आपल्याला ओळखीची वाटते. या वस्तू सम्राटाच्या नव्हेत, पण दरबाराच्या खऱ्याखुऱ्या वापरातल्या आहेत.

५. जवळ ठेवायची साधने

• जवाहिऱ्याचे दहापट भिंग
• अरुंद झोताची छोटी विजेरी. पिवळट नव्हे, पांढऱ्या उजेडाची
• अतिनील किरणांची हातबत्ती
• प्लॅस्टिकचा कॅलिपर (जाडी-रुंदी मोजायचा चिमटा) आणि ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
• मऊ, बिनरंगी सुती कापड
• बांधीव नोंदवही

धातूचा कॅलिपर नेऊ नका. तो काचेला लागला तर कोणी तुम्हाला पुन्हा आत घेणार नाही.

६. वस्तू तपासण्याचा क्रम

वस्तू हातात आली की आधी तळ उलटा करून मोहोर शोधण्याचा मोह होतो. तो आवरा, मी आवरला नाही म्हणून पिवळी फुलदाणी घरी आली.

पहिल्यांदा वजन पाहा. दगडासारखी घडवलेली ही काच आकाराच्या मानाने जड लागते. मग बैठक, म्हणजे जिच्यावर वस्तू टेकते ती कड, भिंगाखाली पाहा. दोनशे वर्षे उचलून ठेवलेल्या वस्तूच्या बैठकीवर बारीक ओरखडे सर्व दिशांना, कमीअधिक खोलीचे आणि फक्त टेकणाऱ्या भागावरच असतात. वाळूकागदावर घासून आणलेले ‘म्हातारपण’ एकाच दिशेने, एकसारखे आणि जिथे टेबल लागूच शकत नाही अशा खोलगट जागीही सापडते. माझ्या फुलदाणीत नेमके हेच होते. बैठकीच्या आतल्या उतारावर ओरखडे कसे आले असतील, हा प्रश्न मला लिलावाच्या दिवशी पडायला हवा होता.

त्यानंतर उजेड तिरपा धरून कोरीवकामावरून फिरवा. जुन्या कामात उठावाच्या कडा घासून गोलसर, गुळगुळीत केलेल्या असतात, पानांच्या शिरा आणि माशांचे खवले दाबात थोडे कमीजास्त असतात, आणि मधली मोकळी जमीन बोटाला लाटेसारखी किंचित खालीवर लागते, कारण ती हाताने खरवडलेली असते. नव्या घाईच्या कामात कडा धारदार राहतात, कोपऱ्यांत धुरकट, न घोटलेली काच दिसते, किंवा आम्लामुळे सगळी जमीन अनैसर्गिकरीत्या सपाट असते. साच्याची शिवण बाजूने खाली उतरताना दिसली तर सावध व्हावे. बुडबुडे मात्र कशाचाच पुरावा नाहीत. ‘बुडबुडे आहेत म्हणजे जुनी’ हे वाक्य मी इतक्या विक्रेत्यांकडून ऐकले आहे की आता ते ऐकले की मी वस्तू खाली ठेवतो.

मग काठ आणि मान. काचेचा काठ आधी टवकतो, आणि टवका लपवण्याचा सोपा उपाय म्हणजे सगळा काठच घासून कमी करणे. अशाने वस्तूची मान आखूड होते, तोंडाचा काठ अंगापेक्षा जास्त चकचकीत किंवा जास्त मंद दिसतो आणि एकूण आकार बुटका वाटू लागतो. यासाठीच माप घ्यायचे आणि त्याच प्रकारच्या नोंदलेल्या वस्तूंशी ताडून पाहायचे. अंधाऱ्या जागी अतिनील बत्ती धरली की राळ किंवा डिंक भरून केलेली दुरुस्ती काचेपेक्षा वेगळ्या तेजाने चमकते.

शेवटी काचेची प्रकृती. कांगशीच्या काळातल्या काचेत क्षार जास्त आणि चुना कमी पडल्यामुळे तिला एक जुनाट आजार जडलेला असतो: हवेतल्या ओलाव्याने क्षार बाहेर पडतात, पृष्ठभाग घामेजल्यासारखा चिकट होतो आणि पुढे काचेच्या अंगात बारीक चिरांचे जाळे पसरते. ते जाळे जुनेपणाची खूण म्हणून मिरवले जाते, आणि खरेच ते अशा काचेत नेहमी दिसते. पण अशी वस्तू घेणे म्हणजे आजारी माणसाची जबाबदारी घेणे आहे. पहिल्या वर्षी घेऊ नका.

७. मोहोर सर्वांत शेवटी वाचा

दरबारी काचेवरची मोहोर बहुधा चार अक्षरांची असते: दोन अक्षरे सम्राटाच्या राजवटीच्या नावाची, एक ‘वर्ष’ आणि एक ‘बनवली’ या अर्थाचे. छियेनलोंगच्या मोहोरा सर्वांत जास्त आढळतात. कांगशी आणि योंगचेंग यांच्या काचेवर मोहोर असणे फार दुर्मीळ आहे, म्हणून ती दिसली की आनंदाआधी शंका यावी. चाकाने कोरलेली रेघ भिंगाखाली होडीसारखी दिसते, म्हणजे मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळती, आणि वळण हे एका सलग रेघेऐवजी लहान सरळ कापांनी साधलेले असते. चाकाला वळणे जड जाते, म्हणून खऱ्या मोहोरा पुष्कळदा थोड्या ताठर, अडखळत्या असतात. माझ्या फुलदाणीवरची अक्षरे सुलेखनासारखी वळणदार आहेत, आणि तेव्हा मला त्यांचेच कौतुक वाटले होते.

शिवाय मोहोर नंतरही कोरता येते. जुन्या, साध्या, बिनमोहोरेच्या खऱ्या वस्तूवर नवी मोहोर हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण बाकी सगळे तपास त्या वस्तू पार करतात. बैठकीच्या तळावरचे जुने ओरखडे अक्षराच्या कडेला तुटतात की अक्षराच्या कडाही त्यांच्यासोबत झिजलेल्या आहेत, ते पाहावे. ओरखडा एकदम तुटत असेल तर अक्षर त्याच्यानंतरचे आहे.

८. पूर्वेतिहासाची आणि खरेदीची कागदपत्रे

1860 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला, आणि 1900 मध्ये परकीय फौजांनी राजधानीत पुन्हा लूट केली. युरोपातल्या जुन्या घरांतून निघणाऱ्या दरबारी वस्तूंच्या मागे हा इतिहास असू शकतो. ‘उन्हाळी राजवाड्यातून आणलेली’ ही चिठ्ठी विक्रेत्यांना भाव वाढवणारी वाटते. मला ती वाचून थांबावेसे वाटते. प्रत्येकाने याचा निर्णय स्वतः घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून घ्यावा. चीनमधूनच थेट घेण्याचा विचार असेल तर 1911 पूर्वीच्या वस्तू बाहेर नेण्यावर तिथे कडक निर्बंध आहेत, हे आधी जाणून घ्या.

प्रत्येक खरेदीसोबत पुढील कागद मागून घ्या आणि त्यांच्या प्रती वेगळ्या जागी ठेवा:

• वस्तूचे वर्णन, काळ आणि माप लिहिलेले बिल. ‘काचेची कुपी, 1 नग’ एवढेच लिहिलेले चालणार नाही
• लिलावगृहाचा लेखी स्थिती-अहवाल
• आधीच्या मालकांची माहिती, जुनी बिले, जुन्या सूचींची पाने
• वय सांगणारे सहीचे प्रमाणपत्र
• पैसे दिल्याची बँकेची पावती
• खरेदीच्या दिवशी काढलेली तळासह सर्व बाजूंची छायाचित्रे

स्थिती-अहवाल न मागताही वस्तू विकली जाते. अहवाल मागितला नाही म्हणून काठाचा टवका कळला नाही, ही तक्रार नंतर कोणी ऐकत नाही.

९. पैसे, कस्टम आणि कायदा

लिलावात हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. तिच्यावर लिलावगृहाचे खरेदीदार-शुल्क लागते, ते साधारण पाव हिश्शाच्या घरात जाते; शिवाय त्या देशाचे कर, पॅकिंग, विमा आणि वाहतूक. मी आता मनातल्या कमाल रकमेचा दोन-तृतीयांश हिस्सा हीच बोलीची मर्यादा धरतो.

भारतात वस्तू आणायची असेल तर बोली लावण्याआधी कस्टम एजंटला फोन करा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचे वर्गीकरण नव्या काचेच्या वस्तूंपेक्षा वेगळे होते आणि त्यासाठी वयाचा पुरावा लागतो. परदेशी पैसे कोणत्या कारणाखाली पाठवायचे, कोणता अर्ज भरायचा, हे आपल्या बँकेकडून लेखी घ्या.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे 1972 चा पुरावशेष व कलानिधी कायदा. त्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूची व्याख्या ती कोणत्या देशात बनली यावर बेतलेली नाही, आणि पुरावशेषाची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. छिंग काळातली प्रत्येक वस्तू आज शंभर वर्षांहून जुनीच आहे. म्हणजे हौसेने पुण्याला आणलेली कुपी पुढे हाँगकाँगला विकू, हा हिशेब मनातून काढून टाकावा, किंवा वस्तू आणण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि वकील या दोघांचा सल्ला घ्यावा. मी स्वतः दोन कुपी याच कारणाने इंग्लंडमध्ये बहिणीकडे ठेवल्या आहेत.

एक सापळा मात्र कोणीच आधी सांगत नाही: तपकीरकुपीच्या बुचाचा चमचा अनेकदा हस्तिदंती असतो. काडीपेटीतल्या काडीएवढा तो तुकडा असतो, पण हस्तिदंत तो हस्तिदंतच, आणि त्यावरचे आंतरराष्ट्रीय व भारतीय निर्बंध कडक आहेत. विक्रेत्याकडून चमचा कशाचा आहे ते लिहून घ्या आणि हस्तिदंत असेल तर बूच न घेता नुसती कुपी घ्या. बुचे तशीही काळाच्या ओघात बदललेलीच असतात. त्याने किमतीत फारसा फरक पडत नाही.

१०. वस्तू घरी आल्यावर

खोके आल्या आल्या उघडू नका. ते खोलीत एक रात्र राहू द्या, म्हणजे थंड काचेवर एकदम दमट हवा बसणार नाही. उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढा. विम्याचा दावा करावा लागला तर तोच पुरावा.

निरोगी काचेला कोमट पाणी आणि मऊ कापड पुरते. चिरा पडलेल्या किंवा चिकट झालेल्या काचेला घरी पाणी लावू नका. ते संवर्धकाचे काम आहे. कपाटात उष्ण दिवे नकोत. आजारी काचेसाठी हवेतली सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर असावी लागते: जास्त झाली तर काच घामेजते, फार कमी झाली तर चिरा वाढतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा आकडा 80 च्या वर सहज जातो आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी तो खूप खाली येतो, म्हणून घट्ट दाराचे कपाट, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल एवढी सोय हवीच. जेल दर काही आठवड्यांनी वाळवावे लागते, आणि ते मी विसरतो, म्हणून भिंतीवरच्या पंचांगाच्या पानावर खूण करतो.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि माप, वजन, किंमत, विक्रेता, दोष आणि स्वतःचे मत तारखेसह लिहा. मत बदलले तर जुने खोडू नका, खाली नवे लिहा. माझ्या वहीत पिवळी फुलदाणी क्रमांक 1 वर आहे, आणि तिच्यापुढे चार वेगवेगळ्या तारखांना लिहिलेली चार मते आहेत. पहिल्यात तीन उद्गारचिन्हे आहेत.